बर्फावरची गाडी आणि तिचा पट्टा

बाहेर वैशाखाचे ऊन अजून जमिनीतून वर येत आहे, मंडपात पंखे फिरत असूनही आपण उपरण्याने वारा घेत बसला आहात, आणि अशा वेळी आम्ही आपणांपुढे बर्फावर धावणाऱ्या गाडीविषयी बोलावयास उभे आहोत. विषयाची निवड चमत्कारिक वाटेल खरी. परंतु या गाडीच्या पोटात जी युक्ती आहे, तिचेच धाकटे भावंड आपल्यापैकी अनेकांनी आज मंडपाबाहेर कुलूप लावून उभे केले आहे. विनागियरची स्कूटर ज्या तत्त्वाने चालते, त्याच तत्त्वाने ही गाडीही चालते. फरक इतकाच की, स्कूटर वाटेत बिघडली तर आपण ती ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजात नेतो. हिमगाडी बिघडली तर माणूस वस्तीपासून दहा-वीस मैलांवर, गुडघाभर बर्फात, मावळत्या उजेडात अडकून पडतो. म्हणून त्या देशांतील लोक या यंत्राचा अभ्यास हौसेने करतात तसाच गरजेनेही करतात.

स्नोमोबाईल म्हणजे काय, ते प्रथम सांगू. पुढे घसरणाऱ्या दोन स्की, मागे रबराचा एक रुंद फिरता पट, वर मोटारसायकलीसारखी बैठक आणि पुढच्या बाजूस झाकणाखाली इंजिन, अशी ही गाडी असते. कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग, अलास्का, फिनलंड येथे ती हिवाळ्यातील नित्याची गोष्ट आहे. काश्मीरला जाऊन आलेल्या मंडळींनी गुलमर्गला ती पाहिली असेल. काहींनी भाडे देऊन वर बसून फोटोही काढला असेल.

या गाडीच्या जन्माशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते जोसेफ-आर्मां बोंबार्दिए हे कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या व्हालकूर गावचे कारागीर. 1934 सालच्या हिवाळ्यात त्यांचा लहानगा मुलगा अपेंडिक्सच्या विकाराने आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद होते, रुग्णालयापर्यंत मूल नेता आले नाही आणि ते दगावले. बर्फावर चालणारे वाहन बनविण्याचे वेड बोंबार्दिएंना पोरवयापासूनच होते. 1922 साली, पंधराव्या वर्षी, त्यांनी विमानासारखा पंखा लावलेली एक बर्फगाडी चालवून दाखविली होती. परंतु मुलाच्या मृत्यूनंतर ते काम हौसेचे राहिले नाही. 1937 साली दातेरी चाक आणि फिरता पट यांच्या रचनेचे पेटंट त्यांना मिळाले. सात माणसे बसतील अशी त्यांची गाडी डॉक्टर, टपालवाले यांच्या कामी येऊ लागली, आणि 1959 साली त्यांच्या कारखान्यातून ‘स्की-डू’ ही एकदोघांसाठीची हलकी हिमगाडी बाहेर पडली. तिकडे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रोझो या गावी पोलॅरिस कंपनीच्या मंडळींनीही त्याच दशकात आपली गाडी तयार केली होती.

आता मूळ विषयाकडे वळू. इंजिनाची ताकद बर्फापर्यंत पोचते कशी, आणि ती अधिक चांगली पोचावी म्हणून जाणकार लोक कोणते फेरफार करतात?

पहिली गोष्ट ध्यानी घ्यावयाची ती ही की, पेट्रोलचे इंजिन सर्व वेगांत सारखे बळ देत नाही. हिमगाडीतील दुधारी इंजिन, ज्याला आपण टू-स्ट्रोक म्हणतो, ते या बाबतीत फार लहरी असते. समजा, एखादे इंजिन मिनिटाला 8,000 फेऱ्यांवर आपली पूर्ण ताकद देते. त्याला 7,300 फेऱ्यांवर आणले की ते सुस्तावते, आणि 8,500 वर नेले तर आवाज वाढतो, ताकद मात्र उतरते. म्हणजे उत्तम ताकदीची पट्टी अगदी अरुंद. गाडी चढ चढो, उतरणीला लागो, भुसभुशीत बर्फात रुतो किंवा गोठलेल्या तळ्यावरून सुसाट जावो, इंजिन मात्र त्या अरुंद पट्टीतच फिरत राहिले पाहिजे. मोटारीतल्यासारखे चार-पाच गियर ठेवून हे साधत नाही. शिवाय खोल बर्फात गियर बदलताना क्षणभर जरी जोर तुटला, तरी गाडी जागच्या जागी बसते.

यावर उपाय म्हणजे दोन पुल्या आणि त्यांवरून फिरणारा रबरी व्ही-पट्टा. पिठाच्या गिरणीतला पट्टा आपण पाहिलेला आहे. तेथे पुलीचा व्यास ठरलेला असतो. येथे युक्ती अशी की, प्रत्येक पुली ही उतरत्या तोंडाच्या दोन तबकड्यांची बनलेली असते आणि त्यांतील एक तबकडी सरकू शकते. तबकड्या जवळ आल्या की पट्टा मधल्या फटीतून वर, काठाकडे ढकलला जातो. जणू पुली मोठी झाली. तबकड्या दूर गेल्या की पट्टा खाली आसाकडे उतरतो. पुली लहान झाली. एक पुली मोठी होते तेव्हा दुसरी लहान होते, कारण पट्टा काही लांबत नाही. निघताना इंजिनाचे सुमारे तीन फेरे होतात तेव्हा दुसऱ्या पुलीचा एक होतो. पूर्ण वेगात इंजिनाचे 8,000 फेरे होत असताना दुसरी पुली 10,000 च्या आसपास फिरू शकते. या दोन टोकांमध्ये अगणित गियर झाले, आणि ते बदलण्यासाठी ना हात लागतो ना पाय. हॉलंडच्या डाफ कंपनीने 1958 साली याच तत्त्वावरची मोटार लोकांपुढे आणली होती. पुढे 1980 नंतरच्या दशकात पुण्याच्या कायनेटिकने जपानच्या होंडाबरोबर जी विनागियरची स्कूटर काढली, तिच्यामुळे ही युक्ती आपल्या गल्लीबोळांत आली.

आता या पुल्यांना हलवतो कोण? दोन वेगवेगळे कारभारी. इंजिनाच्या आसावर बसलेली ती चालक पुली; ती इंजिनाच्या वेगाकडे पाहते. पटाकडे जोर नेणारी ती चालित पुली. ती ओझ्याकडे पाहते. सारे रहस्य या दोघींच्या तडजोडीत आहे.

चालक पुलीत तीन किंवा अधिक लहान वजने बिजागरीवर टांगलेली असतात. विहिरीवरच्या जुन्या तेलाच्या इंजिनाचा गव्हर्नर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे लगेच उमगेल. आस फिरू लागला की वजने बाहेर फेकली जातात आणि सरकती तबकडी दाबतात. त्यांना विरोध करते एक दणकट स्प्रिंग. या फेकल्या जाण्याचा जोर किती असतो याचा एक हिशेब करून पाहू. साठ ग्रॅमचे एक वजन, आसापासून पाच सेंटिमीटरवर, मिनिटाला 4,000 फेऱ्यांनी फिरते आहे. त्याचा बाहेरचा ओढा सुमारे 54 किलो भरतो. फेरे 8,000 केले की ओढा दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे सुमारे 215 किलो! लिंबाएवढ्या वजनाचा तुकडा दोन माणसांहून अधिक भाराने ओढत असतो. यावरून एकदोन ग्रॅमला येथे किती किंमत आहे ते दिसेल.

चालित पुलीची रीत निराळी. तिच्या सरकत्या तबकडीला मळसूत्रासारख्या तिरप्या उताराचा एक कॅम असतो; कारागीर त्याला हेलिक्स म्हणतात. गाडी खोल बर्फात शिरली, पट अडला, की पट्टा पुलीला फिरवू पाहतो आणि पट तिला मागे धरतो. या ओढाताणीत तबकडी त्या तिरप्या उतारावरून सरकते आणि पट्ट्याला दोन्ही बाजूंनी आवळते. पट्टा येथे काठाकडे चढतो, साहजिकच चालक पुलीत आसाकडे उतरतो, आणि गाडी आपोआप खालच्या गियरमध्ये येते. ओझे हलके झाले की उलट. बैलगाडी घाटाला लागली की शहाणा गाडीवान बैलांची चाल धीमी करून जोर वाढवतो. तेच काम हा लोखंडी कॅम करतो.

इतके समजले की सुधारणेचे गमक हाती येते. फेरफार करून इंजिनाची ताकद वाढत नाही. जी ताकद आहे ती वाया न घालवता बर्फापर्यंत नेणे, हाच फेरफाराचा हेतू. कसोटी एकच : थ्रॉटल पूर्ण उघडले असता, सुरुवातीपासून अखेरच्या वेगापर्यंत, फेऱ्यांचा काटा इंजिनाच्या उत्तम आकड्यावर स्थिर राहिला पाहिजे.

काटा जर आकड्याच्या वर जात असेल तर वजने हलकी आहेत. पट्टा वेळेवर चढत नाही. वजने थोडी वाढवावीत. काटा खाली राहत असेल तर वजने जड आहेत. पट्टा घाईने चढून इंजिनाला दाबून टाकतो. वजने कमी करावीत. स्थूलमानाने प्रत्येक वजनात एक ग्रॅमचा फरक केला की शंभर-दोनशे फेऱ्यांचा फरक पडतो, मात्र हे प्रमाण गाडीगणिक बदलते. पुलीतील सर्व वजने अगदी सारखी हवीत, सोनाराच्या काट्यावर तोलल्यासारखी. नाहीतर पुली थरथरू लागते. स्की-डूच्या गाड्यांत काही पुल्यांवर सहा खुणांचे लहान स्क्रू असतात. ते एक खूण पुढे फिरवले की सुमारे 200 फेरे वाढतात. वजने न काढता जागच्या जागी दुरुस्ती करण्याची ही चांगली सोय आहे.

चालक पुलीच्या स्प्रिंगचे दोन आकडे असतात : सुरुवातीचा जोर आणि पूर्ण दबल्यावरचा जोर. पहिला आकडा गाडी किती फेऱ्यांवर हलू लागेल ते ठरवतो. स्कूटरमध्ये हे काम मागच्या चाकाजवळचा वेगळा क्लच करतो. हिमगाडीत इंजिन मंद फिरते तेव्हा पट्टा चालक पुलीत सैल असतो आणि फेरे तीन-चार हजारांवर गेले की पुली त्याला पकडते. ही पकड फार उशिरा ठेवली तर गाडी झेप घेते खरी, पण दर वेळी पट्टा घासून जळतो. दुसरा आकडा पूर्ण वेगाच्या वेळचे फेरे ठरवतो. तेव्हा आरंभी काटा बरोबर असून वेग वाढताना खाली घसरत असेल, तर शेवटी अधिक जोर देणारी स्प्रिंग हा त्यावर एक उपाय असतो.

चालित पुलीत कॅमचा कोन आणि तिची स्प्रिंग यांवर काम चालते. कोन मोठा घेतला की आवळण्याचा जोर कमी होतो, पट्टा चटकन चढतो. मोकळ्या, टणक बर्फावर शर्यत मारणाऱ्याला हे मानवते. कोन लहान घेतला की पट्टा अधिक आवळला जातो आणि ओझे येताच गाडी झटकन खालच्या गियरला येते. वळणावळणाच्या जंगलवाटेवर किंवा डोंगरातील भुसभुशीत बर्फात हेच हवे असते. वळणावर वेग कमी करून पुन्हा थ्रॉटल उघडताच इंजिन क्षणभर घुटमळत असेल, तर दोष वजनांत नसून बहुधा येथे आहे असे समजावे.

हे सर्व करताना एक नियम मोडू नये : एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत लिहून ठेवावी. वजन, स्प्रिंग आणि कोन एकदम बदलणाऱ्या माणसाची गाडी सुधारली तरी ती का सुधारली ते त्याला कळत नाही, आणि बिघडली तर परतीची वाट सापडत नाही. चाचणीही नेहमीच्याच बर्फावर आणि इंजिन व धुराड्याची नळी चांगली तापल्यावर घ्यावी. टू-स्ट्रोक इंजिनाचा उत्तम आकडा नळीच्या उष्णतेप्रमाणे हलतो. पट्टा किती चढला हे पाहण्याची एक साधी युक्ती आहे. तबकडीच्या तोंडावर आसापासून काठापर्यंत शाईच्या रेघा ओढाव्यात आणि एक दौड करून यावे. जेथपर्यंत शाई पुसली गेली तेथपर्यंत पट्टा पोचला. काठाकडची शाई शाबूत असेल तर पूर्ण वेगाचे गियर गाडीला मिळालेच नाही.

आता उंचीचा प्रश्न. समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी उतरते, कारण हवा विरळ होत जाते. गुलमर्ग सुमारे 8,700 फुटांवर आहे. म्हणजे तेथे साध्या इंजिनाची ताकद जवळजवळ पावपट कमी झालेली असते. नव्या गाड्या हवेप्रमाणे पेट्रोल बेतून घेतात हे खरे, परंतु नसलेली हवा त्या कोठून आणणार? टर्बोच्या पंप्याने हवा कोंबणारी इंजिने ही उणीव बरीच भरून काढतात, पण ती सर्वांपाशी नसतात. मैदानासाठी लावलेली वजने अशा दमलेल्या इंजिनाला जड होतात, काटा खाली बसतो, आणि गाडी चढावर धापा टाकू लागते. तेथे वजने हलकी केली की इंजिन पुन्हा आपल्या आकड्यावर येते. गेलेली ताकद परत येत नाही. उरलेली मात्र पूर्ण वापरली जाते. तीच गाडी पुन्हा खाली नेताना वजने पूर्ववत करावयास विसरू नये. एरवी सशक्त झालेले इंजिन हलक्या वजनांमुळे मर्यादेबाहेर फिरेल आणि स्वतःचे नुकसान करून घेईल.

या सर्व खटाटोपात ज्याच्यावर संकट कोसळते तो मात्र पट्टा. आत मजबूत धाग्यांच्या दोऱ्या आणि बाहेर रबर असलेला हा एवढासा पट्टा इंजिनाची सगळी ताकद आपल्या दोन कुशींवर पेलतो. त्याचा वैरी म्हणजे उष्णता, आणि उष्णता येते घसरण्यातून. चुकीच्या जुळणीची पहिली शिक्षा म्हणूनच त्याला होते. दौड संपताच इंजिन बंद करून पुलीजवळ हात नेऊन पाहावा. हात धरवत नसेल इतकी ती तापली असेल तर जुळणीत दोष आहे. पट्ट्याच्या कुशी काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर तो घसरत आहे. पट रात्रभर बर्फाला चिकटून गोठलेला असताना तसेच थ्रॉटल उघडले, तर पुली एकाच जागी घासून पट्ट्याला खळगा पाडते. म्हणून जाणते लोक सकाळी आधी गाडीचा मागचा भाग उचलून पट मोकळा करतात.

नव्या पट्ट्याला पहिले पन्नासेक किलोमीटर सांभाळून चालवावे. त्यावर बाणाची खूण असेल तर तो त्याच दिशेने चढवावा. तबकड्यांना तेलाचा थेंबही लागू देऊ नये. पट्टा झिजून सुमारे तीन मिलिमीटरने अरुंद झाला की तो टिकाऊ दिसला तरी बदलावा, कारण अरुंद पट्टा पुलीत खोल बसतो आणि सगळीच जुळणी चुकवतो. दोन पुल्या एका रेषेत नसतील, बुश झिजले असतील, तर कितीही महाग वजने आणली तरी उपयोग नाही. आधी डागडुजी आणि मग सुधारणा, हा क्रम आहे.

आणि एक इशारा. मिनिटाला आठ-दहा हजार फेऱ्यांनी फिरणारी पुली फुटली किंवा पट्टा तुटला तर त्याचे तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. पुलीवरचे संरक्षक झाकण काढून इंजिन कधीही चालवू नये. आतील स्प्रिंग दाबून बसवलेली असते. पुली सोडवण्यासाठी आणि उघडण्यासाठी योग्य पुलर आणि हत्यारे हवीत. हातोडीने ठोकून हे काम करणाऱ्याने आपल्या बोटांचा विचार आधी करावा.

श्रोतेहो, आपल्यापैकी फारच थोड्यांना अशी गाडी चालविण्याचा योग येईल. परंतु उद्या स्कूटरवरून एखादा चढ चढताना इंजिनाच्या आवाजाकडे लक्ष द्या. आवाज फारसा बदलत नाही, वेग मात्र बदलतो. त्या वेळी झाकणाआड पट्टा वर-खाली सरकत असतो. गॅरेजमधील मुलगा पुढच्या पुलीतले रोलर बदलतो तेव्हा तोही, नकळत का होईना, आम्ही आत्ता सांगितलेलाच वजनांचा हिशेब करीत असतो. हलके रोलर घातले की स्कूटर उठते चपळ, पण इंजिन जास्त फिरते आणि पेट्रोलही जास्त पिते. जड घातले की उलट. दोन्ही एकदम मिळत नाही, हे त्याने गिऱ्हाइकाला सांगावे आणि गिऱ्हाइकाने ऐकावे.

बर्फाच्या देशात हा हिशेब अधिक कडक असतो. तेथील अनुभवी माणूस गाडी कितीही नेमकी जुळवलेली असली तरी बाहेर पडताना झाकणाखाली एक जादा पट्टा ठेवतो आणि तो बदलावयाचे हत्यारही बरोबर घेतो. 1934 सालच्या त्या हिवाळ्यात व्हालकूरच्या घरापासून रुग्णालयापर्यंत पोचवील असे वाहनच नव्हते. आज वाहन आहे. ते वाटेत थांबू नये एवढ्यासाठी ग्रॅमचा आणि कोनाचा हा सारा विचार करावयाचा.